चाबूकवाल्यांची हॅना

दादा,

त्या चौकात प्राधान्य तुझंच होतं. पोलीसबाईनं मला हे दोनदा सांगितलं, कागदावर नकाशा काढून सांगितलं. सायकलवाल्याला आधी सोडायचं असतं तिथे. गाडीवाला थांबला नाही, वर त्यानंच हॉर्न मारला. तू सायकल रस्त्यात आडवी टाकलीस, त्याच्या दारावर लाथा घातल्यास, काचेवर मूठ हाणलीस, आणि आणखी एक लाथ घालायला दोन पावलं मागे सरलास ते सरळ बसच्या पुढ्यात. "तुमचे भाऊ बरोबर होते," असं ती बाई म्हणाली. तिच्या थोबाडीत मारावी असं वाटलं मला. बरोबर होता म्हणे! बरोबर असून मेलास की रे मूर्खा, भर दुपारी, डब्यातली पोळी डब्यातच ठेवून.

आज तेरावा. भटजी कुठून आणायचा या डच शहरात, आइंडहोव्हनमध्ये? दहाव्याचं आणि तेराव्याचं आज एकदमच केलं. वहिनीनं खीर केली, मी गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे इथेही असतात, जरा बुटके. पहिल्या हाकेला आला एक आणि शिवला. जन्मभर सगळ्यांना ताटकळत ठेवलंस आणि इथे घाई केलीस, असं मी म्हटलं, तर वहिनी हसली. नवरा गेल्यावर पहिल्यांदा हसली, आणि मग तोंडाला पदर लावून आत गेली.

रेवा शाळेत गेली आहे. नऊ वर्षांची पोर, वर्गाला बापाबद्दल काय सांगणार आहे कोण जाणे. मी तुझ्या जेवणाच्या टेबलाशी, तुझ्याच खुर्चीत बसले आहे. वाखनिंगनच्या विद्यापीठात माझ्या प्रयोगाच्या रोपांना कोण पाणी घालतंय तेही मला ठाऊक नाही. तीन वाजता वहिनीला हाउसआर्ट्सकडे, तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, घेऊन जायचं आहे. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सकाळी खीर ढवळता ढवळता ती म्हणाली, "तू चल बरोबर. मी मराठीतच बोलणार आहे. तू सांगायचं त्यांना. या वेळी सगळं."

'या वेळी' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते. तू कधी कुणाचं पुरतं ऐकून घेतलं नाहीस. आता तुला इलाज नाही.

आपण चाबूकवाले. हे आडनाव सांगितलं की लोक हसायचे, आणि मग आपण आपली गोष्ट सांगायचो. नदीकाठच्या छावणीत रॉबर्ट साहेब होता, घोड्यांचा अधिकारी, उंच, लालबुंद, घाऱ्या डोळ्यांचा. त्यानं आपल्यातली एक बाई ठेवली, ठेवली नाही म्हणायचं, लग्न केलं म्हणायचं. तिला मुलगा झाला, राणोजी. विलायतेला परत जाताना साहेबानं आपला चाबूक राणोजीच्या हातात दिला, म्हणून आपण चाबूकवाले. म्हणून आपले डोळे घारे. आणि म्हणून आपला राग हा असा. साहेबाचं रक्त!

बाबांनी आईच्या पाठीत पितळेचा तांब्या फेकला की आत्या म्हणायची, "साहेब चढला गं, बाजूला हो." बाबांचं नाव कुणी घ्यायचंच नाही. ताट भिंतीवर फुटलं, साहेब चढला. शेजारच्या माणसाचा दात पडला, साहेब चढला. बाबा नंतर तोंड धुऊन यायचे, सुपारी कातरत बसायचे, आणि आई त्यांना चहा द्यायची, जणू पाहुणा येऊन धिंगाणा घालून गेला आणि हे बिचारे घरचेच.

चाबूक खरोखरच होता. वेताची मूठ, कातड्याची वेणी, मुठीला पितळेचं कडं, त्यावर तुकडीचा नंबर. दसऱ्याला लोक शस्त्रं पूजतात, आपण तो पाटावर ठेवून पूजायचो. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. आरती झाली की आपण पोरांनी रांगेत उभं राहायचं, उजवा तळहात पुढे करायचा, बाबा चाबकाचं टोक हलकेच टेकवायचे आणि त्याच हातावर पेढा ठेवायचे. चाबकाचा प्रसाद. जगात दुसरं असं घर नसेल रे, जिथे पोरं चाबकापुढे हौसेनं हात पसरतात.

बाकीचे दिवस तो खुंटीला असायचा, आणि बाकीच्या दिवसांत तो हलकेच टेकत नसे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मी त्याचं टोक कापलं. आईच्या कात्रीनं, चांगलं चार बोटं. टोकच सगळ्यात जास्त लागतं हे मला कळलं होतं, तेवढंच काढलं तर बाकीचा चालेल असं वाटलं. बाबांनी पाहिलं. "कुणी केलं?" त्यांनी तीनदा विचारायच्या आत तू पुढे झालास. तेरा वर्षांचा होतास, ओठांवर नुसती लव. "मी." मी पाण्याच्या पिंपामागे होते. कानांवर हात घेतले तरी ऐकू येत होतं. बाबांचा हात दुखेपर्यंत चाललं ते. तू ओरडला नाहीस, एकदाच फक्त "आई गं" म्हणालास, तेही हळू. खांद्यापासून कमरेपर्यंत जो वळ उठला तो शेवटपर्यंत गेला नाही. रात्री मी खोबरेल लावायला आले तर म्हणालास, "चिंगे, पुढच्या वेळी सगळाच काप ना."

हे मी विसरले नाही. तेच माझं चुकलं. त्या एका दिवसाच्या बदल्यात मी तुला पुढचं सगळं माफ करत गेले, आणि माफ करायचं होतं ते माझ्या अंगावरचं नव्हतंच.

तू आधी इथे आलास, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, मग वहिनी आणि रेवा, मग मी पीएचडीला. विमानतळावर तू मला मिठी मारून उचललंस तेव्हा मला वाटलं, सुटलो आपण. इथे बाबा नाहीत, खुंटी नाही. आणि तुझ्या घरी आले तर हॉलमध्ये, रेवाच्या शाळेच्या फोटोशेजारी, तो! "अगं, वारसा आहे," तू म्हणालास. बाबा गेल्यावर बॅगेत पायजम्यांत गुंडाळून आणला होतास. पहिल्या दसऱ्याला तू बाजारातून झेंडूच्या कुंड्या आणल्यास, पोळपाटावर लाल रुमाल घातलास, आणि रेवानं तळहात पुढे केला. पेढ्याऐवजी स्ट्रोपवाफल, इथलं पाकाचं बिस्कीट, ठेवलंस. सगळे हसलो. मीही हसले, दादा.

मागच्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला, श्वास घेता येत नाही म्हणून. मी पहिल्या गाडीनं आले. तू ऑफिसात. तिच्या बरगडीवर निळं पडलं होतं, दंडावर बोटं उमटली होती, चारही. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाली, "साहेब चढला." साताऱ्याची मुलगी, लग्न होऊन आपल्या घरात येऊन पाच वर्षं झाली होती, आणि तीही आपली भाषा बोलायला लागली होती.

बघ, काय लिहिलं मी. पाच नाही, दहा वर्षं झाली होती. खोडत नाही.

हाउसआर्ट्सनं तिला तपासलं. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना तुमच्या भाषेत विचारा, घरात कुणी मारतं का. घाई नाही, मी थांबतो." आणि खरंच थांबला, पेन खाली ठेवून.

मी वहिनीकडे वळले आणि मराठीत विचारलं, "डॉक्टर विचारतायत, जोरात श्वास घेतला की दुखतं का?"

वहिनी म्हणाली, "हो."

मी डॉक्टरला म्हटलं, "नाही म्हणते. सायकलवरून पडली."

डॉक्टरनं लिहून घेतलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. इंग्रजीत बोलायला ती बिचकते रे, पण 'घरात कुणी मारतं का' एवढं इंग्रजी तिला समजत होतं. मला तेव्हाच कळलं की तिला समजलंय. परत येताना मंडईतून तिनं कोथिंबीर घेतली, तुला आवडते म्हणून वड्या करायला. मी पिशवी धरली.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्यावर ओरडले, हे खरं आहे. तू रडलास, हेही खरं. टेबलावर डोकं ठेवून रडलास आणि म्हणालास, "मी नसतो गं तो, चिंगे. शपथ. माझ्यात दुसराच कुणी उठतो. बाबांच्यातही तोच उठायचा." आणि मग तुझ्या डोक्यात ते आलं. साहेब शोधायचा! त्याचं नाव, गाव, तो कसा होता, कुणाकुणाला मारायचा, सगळं शोधून काढायचं. "एकदा कळू दे कुठला होता. थडग्यावर जाऊन शिव्या घालीन हरामखोराला. मग जाईल तो माझ्यातून." सुशिक्षित माणूस, दिवसभर लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा, आणि हे असं बोलत होतास. मी म्हटलं, "हात तुझा आहे दादा, साहेबाचा नाही." तू म्हणालास, "सिद्ध करून दाखवतो."

तो आपला शेवटपर्यंत न संपलेला वाद.

उन्हाळ्यात आपण बोटीनं इंग्लंडला गेलो, तू आणि मी, सकाळच्या बोटीनं. तो दिवस मला कुणी परत दिला तर मी बाकीचं आयुष्य देईन. डेकवर वारा असा की दशमी हातातून उडत होती. तू शेंगदाण्याची चटणी एका डच आजोबांना खायला घातलीस, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तू त्यांना सांगत सुटलास की तुझ्या पणजोबांचे आजोबा इंग्रज होते. आजोबा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." किती हसलास! कठड्याला धरून, वाकून, पोट दुखेपर्यंत. मी तुझ्या पाठीवर थापटलं आणि शर्टातून तो वळ हाताला लागला.

लंडनच्या त्या वाचनालयात आपण दोन दिवस जाडजूड रजिस्टरं चाळली. कड्यावरच्या नंबरावरून तुकडी सापडली, छावणी सापडली, अधिकाऱ्यांच्या याद्या सापडल्या. रॉबर्ट नव्हता. एकही नाही. तू याद्या चार-चारदा पाहिल्यास, शेवटी टेबलावर मूठ आपटलीस तेव्हा सगळे मान वळवून बघायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या एक निवृत्त बाई उठून आल्या. लोकांसाठी असे जुने कागद फुकट शोधून द्यायचा त्यांचा छंद. त्यांनी नंबर उतरवून घेतला, माझा पत्ता घेतला. "चर्चच्या दफनाच्या नोंदी पाहते," म्हणाल्या. "याद्यांत नसतात ती माणसं तिथे असतात."

पाकीट आलं ते गेल्या महिन्यात, एका शनिवारी. पाच कागद आणि बाईंचं पत्र. मी वाखनिंगनच्या माझ्या खोलीत उभ्यानं वाचलं आणि मग जमिनीवर बसले.

साहेब नव्हताच, दादा. बाई होती. हॅना नावाची. तोफखान्यातल्या एका साध्या गोऱ्या शिपायाची बायको. तो पटकीनं मेला. अशा विधवेचा शिधा थोड्याच महिन्यांत बंद व्हायचा, बाईंनी पत्रात लिहिलं होतं, तेवढ्यात दुसरा नवरा करायचा नाहीतर रस्ता धरायचा. हॅनानं तिथल्याच एका नेटिव्हाचं घर धरलं. सरकारी घोडी माणसाळवणारा चाबूकस्वार. नाव राणोजी. साहेबाचा मुलगा वगैरे कुणी नाही. काळा, मराठी, आपल्यासारखा, बापाचं नावसुद्धा लिहिलेलं. आडनावही कुणी बक्षीस दिलेलं नाही, ते त्याच्या पोटापाण्याचं काम होतं. हॅनाला त्याच्यापासून दोन मुलं. थोरल्याचं नाव सखाराम. आपल्या वंशावळीत राणोजीच्या खाली जो सखाराम लिहिलाय, तोच.

आणि दफनाची नोंद. वय एकतीस. मृत्यूचं कारण, मार. पाद्र्यानं खाली चार ओळी जास्त लिहिल्या होत्या: डोक्याची आणि पाठीची जखम चाबकाच्या मुठीची, तिच्या माणसाला धरलं होतं, कुणी साक्ष दिली नाही म्हणून सोडलं, नोकरीवरूनही काढलं नाही, कारण तुकडीची नवी घोडी त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या हाताला येत नाहीत.

घारे डोळे तिचे. आपण तिचे डोळे घेतले आणि त्यांना त्याच्या रागाची साक्ष म्हणून फिरवलं. दीडशे वर्षं आपण त्या मुठीला कुंकू लावलं. पुढे कुणीतरी, सखारामनं असेल किंवा त्याच्या पोरानं, एक साहेब बनवला. साहेबाचा वंशज म्हणून मिरवता येतं. आईला ठेचून मारणाऱ्याचा वंशज म्हणून पोरांना काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कागद घेऊन तुझ्याकडे आले. वहिनी इथेच, या टेबलाशी मटार सोलत होती. तू वाचलंस. एकदा, मग परत. तुझा चेहरा पांढरा पडत गेला आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. म्हटलं, आता कळेल. आता याला लपायला जागा नाही. मी म्हटलंही तसं. "बघ, कुणी चढत नाही दादा. तूच असतोस. बाबाच होते. आपलाच माणूस होता."

"खोटं आहे," तू म्हणालास.

"वहिनीची बरगडी खोटी आहे?"

खुंटीवरून चाबूक कधी काढलास ते दिसलंच नाही. खांद्यावर असा काही बसला की तोंडातून आवाज फुटला नाही. जन्मात तू माझ्यावर कधी हात उगारला नव्हतास. माझ्या वाटणीचे फटके खाणारा माझा भाऊ! मग मला काहीच दिसेना. मी दोन्ही हातांनी चाबूक ओढला, तुझी बोटं पिरगाळून ओढला, आणि तुझ्या तोंडावर मारला. डाव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत. रक्त आलं. आणि दुसरा मारायला मी हात वर केला होता, दादा. तो वर केलेला हात मला अजून दिसतो. त्यात मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

रेवा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वहिनी उठली नाही. मटार सोलत राहिली.

तू गालाला हात लावून हसलास. "झालं? चढला ना तुलाही साहेब?"

"नव्हताच रे साहेब," मी म्हटलं आणि चाबूक टाकून निघून गेले. हे आपलं शेवटचं बोलणं.

बुधवारी तू फोनवर निरोप ठेवलास. मी फोन उचलला नाही, मुद्दाम उचलला नाही, नाव पाहून उपडा ठेवला. निरोप नंतर ऐकला, तू गेल्यावर. "चिंगे, त्या बाईंना विचार ना, हॅनाचं थडगं आहे का तिथे. नाही, शिव्या नाही घालायच्या. असंच." मग, "खांदा कसा आहे?"

गुरुवारी दुपारी तू त्या गाडीवर लाथा घातल्यास.

काय समजू मी, सांग ना! बुधवारचा खरा की गुरुवारचा? आणखी एक आठवडा मिळाला असता तर तू बदलला असतास का? मी या प्रश्नावर तेरा दिवस डोकं आपटते आहे. आणि वहिनीच्या बाजूनं विचार केला तर वाटतं, किती आठवडे द्यायचे होते तिनं तुला? हॅनाला कुणी विचारलं होतं का किती आठवडे देतेस?

अंत्यविधीच्या माणसांनी तुला निळा शर्ट घातला होता. तिथली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाकी जखमा अपघाताच्या आहेत. गालावरची ही जुनी दिसते. रंगानं झाकू का?" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सायकलवरून पडला होता." तोंडातून आपोआप आलं. तेच वाक्य. वहिनीसाठी वापरलं, भावासाठी वापरलं. तिनं रंग लावला.

पेटी बंद करायच्या आधी वहिनीनं पिशवीतून चाबूक काढला आणि तुझ्या उजव्या हाताशी ठेवला. तुझ्या ऑफिसातली मंडळी हेलावली. एक जण म्हणाला, "घराण्याची निशाणी बरोबर दिली, थोर आहे बाई." वहिनीचा चेहरा मी पाहिला होता. ती तो जाळायला पाठवत होती. कर्मचाऱ्यानं सांगितलं की धातू आत चालत नाही, मग त्यानं कडं कापून पाकिटात घालून दिलं. चार बोटं कमी असलेला तो चाबूक तुझ्याबरोबर गेला. सगळाच काप म्हणाला होतास, जळाला सगळाच.

काल रेवाच्या शाळेतून फोन आला. तिनं एका मुलीला ढकललं, मुलीचा ओठ फाटला. मी आणायला गेले. ती सायकलच्या मागच्या सीटवर बसली. मग डचमध्ये म्हणाली, "माझ्यातही तो इंग्लिश माणूस आहे ना, आत्या? पप्पांच्यात होता तसा?" मी सायकल थांबवली. कालव्याच्या कडेला बसवलं तिला, आणि मराठीत सांगितलं, सगळं, तिला पेलेल एवढं. की इंग्लिश माणूस नव्हता. इंग्लिश बाई होती, तिला मारलं, तुझे डोळे तिचे आहेत. मारलं ते आपल्यातल्याच एकानं. "मग त्या मुलीला कुणी ढकललं?" मी विचारलं. ती बूट घासत राहिली. मग मराठीत म्हणाली, "मी."

तुलाही तेरा वर्षांचा असताना हाच शब्द आला होता की रे. न केलेल्या गोष्टीसाठी. केलेल्यांसाठी कधी आला नाही.

पावणेतीन झाले. वहिनी चपला शोधते आहे. जाऊन येते.

परत आले. सहा वाजलेत.

तोच डॉक्टर. त्यानं तुझ्याबद्दल दुःख व्यक्त केलं, वहिनीचा हात वर करून पाहिला, ती कळवळली. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून विचारलं, हा खांदा कसा दुखावला.

वहिनीनं सुरुवात केली. मी एक वाक्य ऐकायचे, इंग्रजीत सांगायचे, मग पुढचं. पहिल्या वर्षी पाटा लागला. दुसऱ्या वर्षी पोटात होती रेवा तेव्हा जिन्यावरून. इथे आल्यावर हात पिरगाळायचा, कारण इथल्या भिंतींतून आवाज जातो. मी काही गाळलं नाही, दादा. 'माझा नवरा' म्हणाली तिथे 'माझा नवरा' म्हटलं. 'साहेब' ती एकदाही म्हणाली नाही. माझा आवाज फुटत होता, तिचा नाही. डॉक्टर लिहीत होता.

मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. तिनं पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आणि माझ्याकडे बोट न दाखवता, अगदी साध्या आवाजात शेवटचं वाक्य सांगितलं.

डॉक्टर वाट पाहत होता. मी तोंड उघडलं, आणि सायकलचं वाक्य जिभेवर आलंही.

"ती म्हणते," मी म्हटलं, "की मागच्या वेळी इथे बसून मी खोटं बोलले. मला सगळं माहीत होतं."